सुभेदारांच्या पायाखालचा ब्रेक

धायरी, पुणे
सोमवार

ती. नंदावन्सं यांना यमुनाचा नमस्कार.

भाऊजींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद, आणि तुमच्या नव्या गुडघ्याची विशेष चौकशी केली आहे म्हणून त्याला सांगा. तो वाकतो का? डॉक्टर म्हणतात तेवढा तरी वाकवा. जांभळ्यांच्या घरात वाकायची पद्धत नाही हे डॉक्टरांना माहीत नसणार. माझी तब्येत ठीक आहे. रोज सकाळी फिरून येते, गोळ्या वेळेवर घेते, आणि रात्री झोप लागते. (हे शेवटचं इंद्रजीतला सांगू नका. आईला झोप लागत नाही या समजुतीवर तो आठवड्यातून दोनदा फोन करतो.)

तुम्ही म्हणाल, पत्र कशाला, फोन आहे की. वन्सं, आपलं फोनवर बोलणं म्हणजे तुम्ही बोलता आणि मी ‘हं’ म्हणते. पत्रात तुम्हाला मला मध्येच तोडता येत नाही, ही सोय मला सत्तराव्या वर्षी सापडली आहे, तेव्हा थोडी उपभोगू द्या.

सुभेदारांच्या वर्षश्राद्धाला तुम्हाला येता आलं नाही. (तुमचे दादा, पण मी त्यांना सुभेदारच म्हणायची. नाव घ्यायचं नाही, आणि ‘अहो’ म्हटलं तर निम्मी आळी वळून बघते.) घरातलं सगळं नीट पार पडलं, खीर घट्ट झाली होती, गुरुजी वेळेवर आले. तुम्हाला खरं हवं आहे ते नंतरच्या रविवारचं. त्याच्या बातम्या लोणी काळभोरला पोचल्या असतील, आणि पोचेपर्यंत त्यात दोन माणसं जखमीही झाली असतील. कोणाला काही झालं नाही. फक्त धायरीचा चौक पाऊण तास बंद होता, आणि तोही सभ्यपणामुळे.

आधी गाडीचं सांगते, कारण सगळं तिच्यावर आहे. सैन्यात अठ्ठावीस वर्षं लेहच्या रस्त्यानं ट्रक नेऊन सुभेदार परत आले, तेव्हा धायरी खेडं होतं. चार चाकांचं वाहन दिसलं की पोरं मागे धावायची. अशा ठिकाणी ह्या गृहस्थांनी ड्रायव्हिंग स्कूल काढलं. शिकणार कोण, असं तुम्हीच विचारलं होतंत. पुढे सोसायट्या आल्या, सोसायट्यांतून नोकरदार आले, आणि तीस वर्षांत अर्ध्या धायरीनं सुभेदारांच्या शिव्या खात क्लच सोडायला शिकून घेतलं. शेवटची गाडी ती पांढरी. तिला डावीकडेही एक ब्रेक, शिकवणाऱ्याच्या पायाखाली. सुभेदार तिथे बसत आणि शिकणाऱ्याच्या खानदानाची विचारपूस करत. त्या गाडीला यंदा पंधरा वर्षं झाली. इंद्रजीतनं ठरवलं की रविवारची गाड्यांची फेरी झाली की मंगळवारी ती भंगारात द्यायची. हिंजवडीत बसून त्यानं फोनवरच सगळं जुळवलं. तुम्हीही त्याला दुजोरा दिलात, की दारात उभी राहून नुसतं डोळ्यांत पाणी आणते. मला ती जायला नको होती. पण बोलले असते तर त्यानं विचारलं असतं, ‘आई, चालवणार कोण?’ आणि वन्सं, ह्या घरातून गावाला गाडी शिकवली गेली, एक मला सोडून. सेहेचाळीस वर्षांच्या संसारात एकदा म्हणाले नाहीत की ये, बस. मी आपली समजून चालले होते की त्यांच्या लेखी मी बावळट. त्यामुळे गप्प बसले.

तर फेरी. सुभेदारांच्या विद्यार्थ्यांनी ठरवलं की सर्वांनी आपापल्या गाड्या काढून गावातून त्यांना अभिवादन करायचं. पुढाकार आमोदचा, तो स्वीट मार्टवाला. लायसनच्या परीक्षेत तो तीनदा नापास झाला होता, त्यामुळे त्याला सुभेदारांचा सहवास इतरांपेक्षा जास्त लाभला आणि भक्तीही त्या प्रमाणात आहे. तेवीस गाड्या जमल्या. सर्वांत पुढे आपली पांढरी, बॉनेटवर सुभेदारांचा गणवेशातला फोटो, त्याला हार. चालवायला अक्षता. ही त्यांची शेवटची विद्यार्थिनी, शिकवणीच्या एकवीस दिवसांतले एकोणीस झाले आणि हे गेले. पोरीनं उरलेलं स्वतःच शिकून लायसन काढलं. मानाची जागा म्हणून मला डावीकडे बसवलं, म्हणजे ज्या जागेवर ते पंधरा वर्षं बसले तिथे. पायाशी ब्रेक होता. मी चपला काढून पाय जपून बाजूला ठेवले, देवळातल्यासारखे.

आता सुभेदारांची शिकवण तुम्हाला माहीत आहे. ती लेहच्या रस्त्यावरची. पुढच्या गाडीपासून दोन ट्रकांचं अंतर ठेवायचं. वळणाआधी हॉर्न द्यायचा, मग पलीकडे दरी असो की दूध डेअरी. इंडिकेटर असला तरी खिडकीतून हात काढायचा. आणि समोरच्याला आधी जाऊ द्यायचं. तेवीसच्या तेवीस जणांनी त्या दिवशी हे मनापासून पाळलं. दोन ट्रकांच्या अंतरात रिक्षा शिरल्या, टेम्पो शिरले, एक पीएमपीची बस शिरली, आणि बसमधल्या प्रवाशांनाही आपण कोणाच्या तरी वरातीत आहोत असं वाटू लागलं. फेरी दोन वाटांनी निघून चौकात एकत्र यायची होती. तिथे गावाकडून बारा गाड्या आणि हमरस्त्याकडून अकरा अशा समोरासमोर आल्या. आम्ही हात बाहेर काढून त्यांना म्हटलं, या. त्यांनी हात बाहेर काढून आम्हाला म्हटलं, या. कोणीच आलं नाही. सुभेदारांच्या फेरीत सुभेदारांचा नियम मोडणार कोण? मागे सगळं पुणे हॉर्न वाजवत होतं. पुण्याला रस्ता अडवणारे ठाऊक आहेत, रस्ता देणारे पाहिल्यावर ते बिथरलं.

शेवटी वाहतूक पोलीस आला. त्यानं फोटो पाहिला, हार पाहिला आणि आमोदला विचारलं, “काय, कोणी गेलंय का?” आमोद हात जोडून म्हणाला, “हो, सुभेदारसाहेब. गेल्या वर्षी.” पोलिसानं बराच वेळ आमोदकडे पाहिलं. मग अक्षताला खूण केली, की तू निघ.

अक्षता घाबरली. क्लच सुटला, गाडीनं उडी घेतली आणि सरळ, एव्हाना आमच्या पुढे येऊन अडकलेल्या त्या बसच्या मागच्या अंगाला निघाली. वन्सं, मी विचार केला नाही. देवळातला पाय उचलला आणि डावा ब्रेक दाबला. पाय थेट तळाला गेला आणि गाडीला त्याचा पत्ताही लागला नाही. पेडल रिकामं होतं. गाडी थांबली ती अक्षतानं थांबवली म्हणून, बसपासून वीतभर अंतरावर. ती पोर माझ्याकडे वळून म्हणाली, “काकू, थँक्यू, तुम्ही ब्रेक मारला.” मी पाय वर घेतला.

पुढे शाळेच्या हॉलमध्ये सभा. सभेत एकामागून एक उठून तेच सांगत होते. सुभेदारांनी ऐन वेळी ब्रेक दाबला नसता तर मी कालव्यात असतो, हा आमोद. मी भिंतीत असते, ह्या एक बाई. एकानं तर सांगितलं, सुभेदारांचा पाय म्हणजे देवाचा हात. (शरीरशास्त्र सोडून द्या, भावना चांगली होती.) मी मेकॅनिक शंभूला शोधलं. वीस वर्षं शेजारी गॅरेज टाकून बसलेला माणूस, गाडीच्या पोटातलं त्याला माहीत. तो शेवटच्या रांगेत बसून स्वतःच्या चपला पाहत होता.

मसालेभात वाढून झाल्यावर मी त्याला कोपऱ्यात घेतलं. म्हणाला, “आठ वर्षं झाली वैनी, तार तुटलीय. दर महिन्याला म्हनायचो, घालतो नवी. म्हनायचे, राहू दे. पाय मी ठेवतोच हाय, पोरांना तेवढं पुरतं.” म्हणजे आठ वर्षांत कालव्यातून आणि भिंतीतून जे जे वाचले ते स्वतःच वाचले. आमोदही. मी स्टेजकडे पाहिलं. आमोद सुभेदारांच्या फोटोला पेढा लावत होता. त्याला सांगणार नाही, तुम्हीही सांगू नका. (आणि भाऊजींना सांगा, सुभेदारांचं चुकलंच. असला जुगार लेहला चालत असेल, धायरीत नाही. पण मला त्यांचं इतकं कौतुक त्यांच्या हयातीत कधी वाटलं नव्हतं, हेही खरं.)

शंभू ओघात होता म्हणून मी विचारून टाकलं, की बाबा, मग मला का नाही शिकवलं? तो म्हणाला, त्यानंही एकदा विचारलं होतं. सुभेदार म्हणाले होते, गाडीत बसलं की माझं तोंड सुटतं. तसं तिच्याशी बोलणं मला जमायचं नाही, आणि न बोलता शिकवता यायचं नाही. एवढंच. इतकी वर्षं मी ज्याला माझा बावळटपणा समजत होते ते हे होतं. माणसानं एवढं एक वाक्य घरी येऊन सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण लेहला ट्रक नेणाऱ्यांना स्वयंपाकघरापर्यंत एक वाक्य नेता येत नाही. मी तिथेच, भाताच्या पातेल्यापाशी, रडले. वाढप्यांना वाटलं, भात संपला.

मंगळवारी भंगारवाला आला. इंद्रजीतही अर्धी रजा टाकून आला. मी दारात उभं राहून सांगितलं, गाडी जाणार नाही. त्यानं विचारायचं तेच विचारलं, आई, चालवणार कोण? मी म्हटलं, मी. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की पोलिसानं आमोदकडे पाहिलं ते बरं. पण पोरगा चांगला आहे, भंगारवाल्याला चहा पाजून परत पाठवलं. गाडीची तपासणी होऊन मुदत वाढली. शंभूनं डाव्या ब्रेकला नवी तार घातली, मी समोर उभं राहून घालून घेतली. मी काही सुभेदार नाही.

एकंदरीत मी मजेत आहे. सगळ्यांना नमस्कार.

आपली,
यमुना

ता. क. शिकाऊ लायसन मिळालं. चाळिशीनंतर डॉक्टरचा दाखला लागतो. डॉक्टरांनी माझं वय दोनदा वाचलं आणि मग माझ्याऐवजी स्वतःचाच चष्मा पुसला.

ता. क. २. अक्षता तीन रविवार शेजारी बसली. तिच्याकडून काही होणार नाही. मी शेजाऱ्यांची तुळस पाडली तरी ती म्हणते, “छान काकू.” गिअर न टाकता पाच मिनिटं गाडी गुरगुरवली, तर म्हणाली, “कॉन्फिडन्स मस्त आहे.” एवढ्या कौतुकानं मी उभ्या जन्मात चौकापर्यंत पोचणार नाही.

ता. क. ३. खरं पत्र इथून सुरू होतं. त्र्याऐंशी साली तुमचे दादा रजेवर आले आणि त्यांनी तुम्हाला शेतात जीप शिकवली. मी बांधावर डबा घेऊन उभी होते. ते असे ओरडत होते की तुम्ही चावी उसात भिरकावलीत. आठव्या दिवशी तुम्ही जीप बाजारातून फिरवून आणलीत. त्या दिवसापासून मी तुमच्यावर राग धरला होता, तो ह्या पत्रानं सोडते. तुमचं लायसन चालू आहे, मला ठाऊक आहे. गुडघा बरा झाला की चार दिवस धायरीला या आणि डावीकडे बसा. तो आवाज, ते तोंड, आता तुमच्याशिवाय कोणाकडे उरलेलं नाही. माझी काही भीड धरू नका, माझ्यावर ओरडा. मला रडू आलं तर ते गाडीमुळे नसेल. तुम्ही थांबू नका.