पद्मजाचा दाखला

मुलुंड (पूर्व)
१२ जून १९८६

ती. सौ. विमलावहिनी यांस,
रत्नप्रभेचा शि. सा. न. वि. वि.

आंब्यांची पेटी पोचली. दोनच नासले, तेही तुमच्या धाकट्या दिरांनी पेटीवर बसून चहा प्यायला म्हणून.

शुभाचं टेबल टेनिस जोरात आहे आणि माझी पार वाट लागली आहे. घाटकोपरच्या क्लबची फी वेगळी, बॅटच्या परदेशी रबराचे पैसे वेगळे, आणि ते मेलं तीन महिन्यांत गुळगुळीत होतं. इंदूरच्या टूरला मुलीमागे अकराशे. त्यात क्लबचे कोच श्यामसुंदर सर, त्यांच्या तिकिटाचा वाटाही आमच्याच गळ्यात. गिरणी सुटल्यापासून भांडुपच्या औषध कंपनीत ह्यांना मिळतं ते घरालाच पुरत नाही. माझ्या पाटल्या गेल्या, हे फक्त तुम्हाला सांगते.

आता बुटांची एक कंपनी पुढे आली आहे. कपडे, बूट, सगळ्या टूर फुकट. पण मुलगी बाराच्या आतली हवी, आणि शुभाला मार्चमध्ये बारा पूर्ण झाली. सरांनी विचारलं, घरात एखादी लहान चुलत बहीण नाही का. वहिनी, आपल्या पद्मजाचा जन्मदाखला मिळेल का? ती गेल्याची नोंद दादांनी केलीच नाही, असं तुम्हीच एकदा म्हणाला होतात. आईबाप गावी आणि मुलगी मुंबईला काकाकडे, असं आपल्यात घरोघरी असतं. कोणी दोनदा विचारणार नाही.

राग आला तर पत्र फाडून टाका, पण माझ्यावरची माया कमी करू नका.

तुमची,
रत्नप्रभा


आंबेखोल, ता. कुडाळ
२७ जून १९८६

चि. सौ. रत्नप्रभा हीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. सहा वर्षं झाली, पण तिचं नाव या घरात कोणी घेत नाही. ती गेल्यावर ग्रामपंचायतीपर्यंत जायला ह्यांचे पाय उचलले नाहीत, नंतर तो विषयच मिटला.

तरी मी पंचायतीत गेले. शुभाही माझीच आहे. ग्रामसेवक नवा आहे. दाखला लिहिता लिहिता त्याने विचारलं, मुलगी कितवीत आहे. मी सांगितलं, यंदा पाचवीला गेली. इतकं सहज निघालं तोंडातून की माझं मलाच नवल वाटलं. येताना वाटेत वह्यांचे भाव विचारून आले.

दाखला सोबत आहे. खेळेल ती माझ्या पदमीच्या नावाने खेळेल, तेव्हा मला सगळं कळवत जा. पोरीला सांभाळ.

तुझी,
विमला


मुलुंड (पूर्व)
१९ ऑक्टोबर १९८६

ती. सौ. विमलावहिनी यांस शि. सा. न. वि. वि.

जिंकलो! इंदूरला पहिला नंबर. कंपनीने फोटो काढला, पेपरातलं कात्रण सोबत पाठवते. अशा प्रत्येक मुलीमागे सरांना कंपनीकडून काहीतरी मिळतं म्हणे. मिळो बापडं, माझे अकराशे वाचले ना!

सर मात्र फार कडक. हॉलमध्ये शुभा या नावाला मान वळली की एक रुपया दंड. कागद जुळावेत म्हणून शाळाही बदलून दिली, त्या नावानेच. सरांनी मला सांगितलं की घरीही सवय ठेवा. ठेवली. आता झालंय काय, की मी शुभा म्हणून हाक मारली तर ती ढिम्म हलत नाही. परवा तीनदा मारली. चौथ्यांदा पद्मजा म्हटलं, तर लगेच ओ दिली. ह्यांना हसू आलं, मला नाही आलं.

इंदूरहून आल्यापासून झोपताना माझ्या कानाची पाळी चिमटीत धरते. एवढी घोडी झाली आणि हे काय नवीन खूळ! बाळपणीसुद्धा कधी असं केलं नव्हतं.

दिवाळीच्या फराळाला तुमची आठवण काढू. दादांना नमस्कार.

तुमची,
रत्नप्रभा


आंबेखोल
८ नोव्हेंबर १९८६

चि. सौ. रत्नप्रभा हीस अनेक आशीर्वाद.

कात्रण देवाजवळ ठेवलं आहे. कु. पद्मजा राजाराम धुरी. छापलेलं नाव किती छान दिसतं गं.

कानाच्या पाळीचं वाचलं. पदमी तशी झोपायची. मी पाळी सोडवून घेतली तर जागी व्हायची. हे मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात होतं काय?

तिला पोचवायला जे चौघे गेले होते, त्यांतला धाकू काल कात्रण बघायला आला. पोर मुंबईत चांगली वाढली, म्हणाला. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. तो थट्टा करत नव्हता.

खेळाच्या संघटनेचा चौकशीचा कागद आला होता. ह्यांनी मुलगी हयात असल्याची सही केली. सही करताना हसले. सहा वर्षांत पहिल्यांदाच.

मे महिन्यात तिला इकडे पाठव.

तुझी,
विमला


मुलुंड (पूर्व)
२ मार्च १९८७

ती. सौ. वहिनी यांस शि. सा. न. वि. वि.

हात जोडून लिहिते. हे थांबवा. मला पहिला नंबर नको, टूर नको, बूट नकोत.

ती मला काकू म्हणू लागली आहे. आधी वाटलं, सरांनी शिकवलं असेल. पण परवा ताप चढला तेव्हाही काकू म्हणाली, आणि आईला बोलवा म्हणून रडली. मी उशाशीच बसले होते, वहिनी.

जुन्या शाळेत गेले. शुभा दशरथ धुरी, नाव कमी केले, एवढंच हजेरीत आहे. क्लबमधून नाव काढायला गेले, तर सरांनी कंपनीचा करार दाखवला. दोन वर्षांचा, पालक म्हणून दादांची सही. मध्येच सोडलं तर नऊ हजार भरायचे. आणि मला म्हणाले, तुम्ही मुलीच्या काकू ना, मग आईवडिलांचं पत्र आणा.

पैसे मी कुठूनही उभे करीन. तुम्ही फक्त एक कार्ड लिहा संघटनेला, की पद्मजा ऐंशी साली वारली. तेवढ्या एका ओळीने माझी मुलगी मला परत मिळेल. आता कोल्हापूरच्या टूरला गेली आहे. मी अडवलं, ऐकलं नाही. ती परत यायच्या आत लिहा.

तुमच्या पाया पडते.
रत्नप्रभा


आंबेखोल
१८ मार्च १९८७

चि. सौ. रत्नप्रभा हीस अनेक आशीर्वाद.

पत्र उशिरा लिहिते आहे, रागावू नकोस. घरात गडबड होती. कोल्हापूरच्या मॅचेस संपल्यावर सरांनी पद्मजाला कुडाळच्या एस.टी.त बसवून दिलं. मीच त्यांना तसं लिहिलं होतं. स्टँडवर हे गेले होते. मला वाटलं होतं, बिचकेल. ती सरळ आत आली, पाय धुतले, आणि भूक लागली म्हणाली.

तू ते कार्ड लिहायला सांगितलंस. कार्ड आणलं, पत्ता घातला, आणि पुढे हात चालेना. एकदा सोसलं मी ते. पुन्हा माझ्याच हाताने लिहायला मला सांगू नकोस. आता इथल्याच शाळेत तिचं नाव घातलं आहे. टूर असली की सर इथूनच नेतील.

तिने पदक तुला दाखवायचं ठेवलं आहे. काकूने माझं फार केलं, असं सारखं म्हणते. तिच्या तोंडून तुझं कौतुक ऐकून बरं वाटतं. दशरथभावजींना आशीर्वाद सांग, सुट्टीत दोघं या.

आणि हो, शुभा कशी आहे? तिच्याबद्दल तू बऱ्याच दिवसांत काहीच लिहिलं नाहीस.

तुमची सगळ्यांची खुशाली कळवत जा,
विमला