लिंबावरच्या सात अळ्या

प्रिय धाकट्या,

फोनवर मी "इकडे सगळं छान" म्हणते ते खोटं असतं. इकडे सगळं वळवळतं. सकाळी चपलेत गोगलगाय, दुपारी चहात चिलट, आणि कुंपणापलीकडच्या कुरणात शेणकिडे आपापला गोळा ढकलत निघालेले, कचेरीला उशीर झाल्यासारखे. गवताच्या काड्यांवर कुणी थुंकून गेल्यासारखा फेस असतो. बाबा म्हणतात, आत पिल्लू आहे. असेना! थुंकीत राहणाऱ्याचं कौतुक मला जमत नाही.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून बाबा रोज बागेची फेरी मारून दिसेल तो किडा वहीत टिपायचे, हे तुला ठाऊकच आहे. आता त्यांना माणसंसुद्धा सावल्यांसारखी दिसतात, तेव्हा ती फेरी माझ्या गळ्यात पडली. मी बघून यायचं, सांगायचं, ते "लिही" म्हणणार. सगळ्यात किळसवाणं ते लिंबाचं झाड. त्यावरच्या अळ्या लहान असताना पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की हिरव्यागार, आणि बोट लावलं की डोक्यातून नारिंगी शिंगं काढून असा वास सोडतात की दोन दिवस जेवण जाऊ नये. "अगं, फुलपाखरं व्हायचीत ती," इति बाबा. व्हायचीत तेव्हा व्हायचीत, तोवर नाक माझंच ना?

म्हणून गेल्या महिन्यात बाबा डोळे दाखवायला तुझ्याकडे आले होते, तेव्हा मी ते झाड तोडून घेतलं. मग फेरीही सोडली. गेल्या वर्षीची वही काढायची आणि त्याच तारखेचं पान वाचून दाखवायचं. "लिंबावर सात अळ्या." बाबा खूश, मीही खूश.

परवा म्हणाले, "एकीला बोट लावून ये बघू, वास घेतो." माझं धाबंच दणाणलं. शेवटी कचऱ्याच्या बादलीतल्या सडक्या फळात बोट बुडवून त्यांच्या नाकाशी धरलं. त्यांनी लांब श्वास घेतला. "वा! लिही, सात." आणि माझं बोट स्वतःच्या रुमालाने नीट पुसून दिलं.

काल दुपारी त्यांचा कप सापडेना म्हणून मी कधी नव्हे ती बागेत गेले. कप लिंबाच्या खुंटावर होता. खाली चहाचे गोल डाग, एकावर एक, पंधरा दिवसांचे तरी. माझा डोळा लागला की थर्मासमधला चहा घेऊन काठी टेकत ते तिथेच येत असणार.

त्या बोटाला चार वेळा साबण लावला, वास काही जात नाही. आज सकाळी त्यांनी पुन्हा विचारलं, "लिंबावर किती गं?" माझ्याच्याने सात म्हणवेना. "आता बघून येते," असं मी म्हणाले आणि आत येऊन हे पत्र लिहायला बसले. रविवारी येतोयस ना? येताना लिंबाचं रोप आण, कमरेएवढं तरी. आणि नर्सरीवाल्याने अळ्या पडल्या म्हणून बाजूला टाकलेलं असेल ना, तेच उचल.

तुझीच,
ताई