वर्ग बंद नाही

प्रिय आई,

सप्रेम जय भीम. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू लगेच "जाऊ दे रे" म्हणतेस आणि मी गप्प बसतो. कागदावर तुला मला मध्येच थांबवता येणार नाही.

तू भुसावळला गौतमीताईकडे गेलीस त्याला शनिवारी सहा आठवडे होतील. पप्पा शेजाऱ्यांना सांगतात, लेकीच्या मदतीला गेलीय. खरं कारण मला माहीत आहे. आपलं घर राहतं घर नसून कोचिंग आहे, म्हणून धंद्याच्या दराने घरपट्टी भरा, अशी नगर निगमची नोटीस आली आणि त्याच संध्याकाळी तू स्टुलावर चढून 'यमुनाबाईंचा मराठी वर्ग, दर रविवारी' ही पाटी स्वतः उतरवलीस. "माझ्यामुळे घरावर बालंट आलं," एवढंच म्हणालीस. आई, प्रताप नगरात दर चौथ्या दारावर कोचिंगची पाटी आहे. मोजणीवाल्याने आपल्या दारात पाटी पाहिली, चपलांचा ढीग पाहिला आणि आपल्यालाही त्यांच्यात बसवलं. आठ मुलं, सगळी रेल्वेतल्या आपल्या मराठी घरांतली, इथल्या हिंदीमुळे दर वाक्यात 'मतलब' घालणारी, एक पैसा न देता शिकणारी. हे कोचिंग?

पप्पा म्हणाले, सरकारशी भांडू नये, भरून टाकू. मी त्यांचं न ऐकता हरकतीचा अर्ज लिहिला. तीनदा फाडला, चौथ्यांदा मनासारखा झाला. पुढची खोली टेपने दोनदा मोजली. त्यांनी कपडे धुण्याची पत्र्याखालची जागासुद्धा वर्गात धरली होती, तेही नकाशा काढून दाखवलं. शेवटी सही करायला पप्पाच लागले, घर त्यांच्या नावावर. सही करताना म्हणाले, "अकरावी अर्धी सोडलेला पोरगा साहेबांना शिकवणार!" पण सही केली.

परवा निगमात सुनावणीला मी एकटाच गेलो. हाताला इतका घाम की तुझं हजेरीपुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत धरलं होतं. साहेबांनी ते चाळलं. बच्चे आते हैं? आते हैं, सर. फीस? नहीं लेते. मग त्यांनी एक कोरा कागद पुढे सरकवला. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "भैया, लिख दो कि क्लास बंद है. आज ही निपटा देता हूँ." पेन माझ्या हातात होतं. एक ओळ लिहायची आणि घरी यायचं. पाटी तर तू काढलेलीच होतीस.

मी पेनाला टोपण लावलं. म्हटलं, बंद नहीं है, सर. शेजारचा बाबू हसला, "नेताजी आए हैं." साहेब हसले नाहीत. त्यांनी वहीत बघून तारीख दिली आणि म्हणाले, आम्ही स्वतः येऊन बघू. येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या, सकाळी दहाला.

मी खोटं बोललो नव्हतो. हेच तुला सांगायचं राहिलंय. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. दहा वाजता वल्लरी आणि तिचा छोटा भाऊ संकेत वह्या घेऊन दारात उभे. त्यांना परत जा म्हणायला माझी जीभ रेटली नाही. तेव्हापासून एकही रविवार चुकलेला नाही. अकरावी सोडल्यावर तू मला ज्या खोलीत बसवून पुन्हा पहिल्यापासून लिहायला शिकवलंस, त्याच खोलीत मी त्यांना शिकवतो, तुझ्याच पद्धतीने. तुझ्या खुर्चीवर मात्र बसत नाही, उभाच राहतो. पाटी काल परत लावली. स्टूल पप्पांनी धरलं होतं. वाकडी लागली म्हणून मलाच ओरडले.

त्या दिवशी खोली रिकामी दाखवली तर आपण सुटू, असं सगळे सांगतात. मी आठही मुलांना बोलावलंय, चपला दारातच काढायला सांगितल्यात. साहेब विचारतील, पढ़ाता कौन है? तेव्हा त्या खुर्चीवर तू असायला हवीस. म्हणून आदल्या दिवशी, पुढच्या शनिवारी ये. स्टेशनवर पप्पा येतील. मी येणार नाही, मला खोली झाडायची आहे.

तुझाच,
संकल्प