सईला पाण्यात कोण उतरवणार?

जुईनगर, नवी मुंबई
९ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
सईचा सा. न. वि. वि.

आपण भेटलोय म्हणे, पण तेव्हा मी दोन वर्षांची होते, त्यामुळे मला आठवत नाही.

एप्रिलमध्ये मला आठ वर्षं पूर्ण होतील. आमच्या चर्चमध्ये आठव्या वर्षी बाप्तिस्मा होतो. पाण्यात पूर्ण बुडवतात आणि लगेच वर काढतात. त्यासाठी याजक लागतो. माझे बाबा याजक आहेत, म्हणून तेच मला बुडवणार होते. आईने पांढरा ड्रेससुद्धा शिवायला टाकला. पण काल बाबा म्हणाले, इतक्यात नको, आधी आत्याशी बोलायला पाहिजे. मी म्हटलं, मग फोन करा ना. तर म्हणाले, फोनवर आम्ही तिसऱ्या वाक्याला भांडतो. म्हणून मीच लिहितेय.

चर्चमधले स्वानंदकाका म्हणाले, ते मला बुडवतील. पण मला बाबाच पाहिजेत. तुम्ही त्यांच्यावर रागावला आहात का? आईने फक्त शुद्धलेखन तपासलंय, बाकी सगळं माझं आहे.

उत्तराची वाट बघणारी,
सई

*

गडहिंग्लज
१७ फेब्रुवारी २०२५

चि. कृष्णात यास,
अक्काचे आशीर्वाद.

तुझ्या लेकीचं पत्र मिळालं. अक्षर तुझ्यापेक्षा बरं आहे. तुझं अक्षर सुधारता सुधारता माझ्या तीन पट्ट्या मोडल्या होत्या.

आता मला नीट सांग. तू तळोज्याच्या रंगाच्या कारखान्यात शिफ्ट सांभाळतोस. मग भटजी कधी झालास? त्या चर्चच्या नेमापायी चहा सोडलास एवढं कळलं होतं. त्यावर तुझे दाजी म्हणाले होते की चहाविना माणूस कोल्हापूर जिल्ह्यात जगूच शकत नाही, म्हणून तो पळाला. थट्टा राहू दे. मी रागावले आहे का, असं त्या पोरीने विचारलंय. तिला काय लिहू? अण्णा गेले तेव्हा अंगणात साठ माणसं होती, आणि पोटचा मुलगा पायरीवर हाताची घडी घालून उभा होता, हे लिहू?

तुमच्या देवाच्या कामात माझी अडचण कसली झाली, तेही कळव.

तुझी,
अक्का

*

जुईनगर
२३ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास,
कृष्णातचा शि. सा. न. वि. वि.

सईने पत्र टाकल्याचं मला तुझं उत्तर आल्यावर समजलं. बरं केलं तिने.

आमच्यात पगारी भटजी नसतो. चर्चमधल्या पुरुषांपैकी जे नेमानं वागतात त्यांना याजकपद मिळतं. पोटापाण्याचा धंदा चालूच राहतो. आमचे शाखाध्यक्ष स्वानंदभाऊ शाळेत गणित शिकवतात. रविवारी आम्हीच हॉल झाडतो, खुर्च्या लावतो, भाकर आणि पाणी आशीर्वादित करून सगळ्यांना वाटतो. प्रत्येकाला दोन-तीन घरं नेमून दिलेली असतात. त्या घरांत काय हवं-नको ते बघायचं. आणि आपल्या मुलांचा बाप्तिस्मा शक्यतो बापाने करायचा. आमच्याकडे हा बापाचा फार मोठा मान समजतात.

सईच्या तयारीसाठी बसलो असताना स्वानंदभाऊंनी सहज विचारलं की घरच्या सगळ्यांशी माझं बरं आहे ना. मला हो म्हणता आलं नाही. त्यांनी मला अडवलं नाही, अक्का. मीच म्हटलं की थांबू या. एका हाताने लेकीला देवापुढे न्यायचं आणि बहिणीचं नाव निघालं की खोलीतून उठून जायचं, हे मला जमेना.

आता खरं तेच लिहितो. मी तेव्हा चर्चमध्ये नवा होतो. अण्णांना अग्नी द्यायचा नाही, मडकं धरायचं नाही, असं मला तिथल्या कुणीही सांगितलं नव्हतं. मी कुणाला विचारलंसुद्धा नव्हतं. तो ताठा माझा होता. चुलतभाऊ पुढे येत होते, तर तू त्यांना बाजूला केलंस आणि स्वतः मडकं खांद्यावर घेतलंस. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो आणि तू चौदाची. तेव्हाही तूच पुढे झाली होतीस. मी मात्र पायरीवरून खाली उतरलो नाही.

मला माफ कर. सईसाठी म्हणून नव्हे. बाप्तिस्मा स्वानंदभाऊंनी केला तरी होईल. हे सहा वर्षांपूर्वीच लिहायला हवं होतं.

अस्मिता नमस्कार सांगते.

तुझा,
कृष्णात

*

गडहिंग्लज
८ मार्च २०२५

चि. कृष्णात,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. रोज लिहायला बसते आणि उठते. चाळीस वर्षं पोरांना खरं बोलायला शिकवलं, आता माझी परीक्षा आहे.

अण्णा जाण्याच्या चार दिवस आधी त्यांनी मला जवळ बसवून घेतलं. म्हणाले, कृष्णातने वेगळी वाट धरली आहे, माझ्या वेळी त्याच्यावर जबरदस्ती करू नका. त्याच्या मनाला पटलं तर करील, नाहीतर राजेश्वरी, तू कर, मला तेवढंच चालेल. आणि त्याला सांग, माझा राग नाही.

तो निरोप मी तुला दिला नाही. तू पायरीवर उभा होतास तेव्हा चार पावलांवर होते मी. सांगता आलं असतं. पण मला तुझा इतका राग आला होता, आणि निरोप दिला असता तर त्या रागाला जागाच उरली नसती. पुढे एक वर्ष गेलं, दोन गेली, आणि मग सांगायचीच लाज वाटू लागली. सहा वर्षं तू बापाचा राग डोक्यावर घेऊन फिरलास आणि तो राग नव्हताच, हे फक्त मला ठाऊक होतं.

आता तू ठरव कोणी कोणाला माफ करायचं ते.

तुझी,
अक्का

*

जुईनगर
१५ मार्च २०२५

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र कारखान्याच्या बसमध्ये वाचलं. शेजारच्याने विचारलं की कुणी गेलं का. मी म्हटलं, नाही, वडिलांची खुशाली आली.

तुझ्यावर राग येतोय का ते दोन दिवस तपासून पाहिलं. थोडा आला. मग तो मडक्याचा खांदा आठवला आणि गेला.

शनिवार, १२ एप्रिलला सईचा बाप्तिस्मा ठरवतोय. तुला काहीही मानायला लागणार नाही, फक्त बसायचं. दाजींसाठी अस्मिता चहापावडर आणून ठेवेल.

तुझा,
कृष्णात

*

गडहिंग्लज
२१ एप्रिल २०२५

चि. कृष्णात, चि. सौ. अस्मिता आणि माझी सई,
सगळ्यांना आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. दाजी सांगतात की नवी मुंबईत चहा फार छान मिळतो, विशेषतः जिथे कुणी पीत नाही त्या घरात.

कृष्णात, तू पाण्यात होतास म्हणून तुला दिसलं नसेल, ते सांगते. पहिल्या खेपेला सईच्या वेणीचं टोक पाण्यावर तरंगत राहिलं. ती नीट बुडते का हे बघायला उभ्या केलेल्या साक्षीदारांच्या आधी मलाच दिसलं आणि मी खुर्चीतून उठून चक्क ओरडले. पूर्ण बुडायला हवं, म्हणून पुन्हा करावं लागलं. तू अजिबात चिडला नाहीस. तिच्या नाकावरचं पाणी पुसलंस, तिच्या कानात काहीतरी पुटपुटलास, ती हसली, आणि मग पुन्हा ते सगळे शब्द पहिल्यापासून म्हटलेस. मुलीला पाठीवर हात देऊन आडवं करताना तुझा चेहरा हुबेहूब अण्णांचा झाला होता. मी रडले ते त्यामुळे. प्रार्थनेमुळे नव्हे, गैरसमज नको.

दुसऱ्या दिवशी तू आणि स्वानंद मला तळवलीला, तुला नेमून दिलेल्या घरी, आजारी दत्तूबाबांकडे घेऊन गेलात. तुम्ही त्यांच्या डोक्याला तेलाचा थेंब लावून हात ठेवलेत, प्रार्थना केलीत, ते सगळं मी दारातून पाहत होते. मग तू नेलकटर शोधायला आत गेलास तेव्हा म्हातारा मला सांगत होता की तुजा भाव दर आयतवारी येतं, माजी नखा पन कापतं. हे तू पत्रात लिहिलं नव्हतंस.

आता माझं काम. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन ८ मेला आहे. मी भिते, हे दाजींना कळू देऊ नकोस. तुमच्या तेलावर माझा विश्वास नाही आणि बसायचाही नाही. घरातला दिवा मी लावूनच निघणार आहे. पण आत नेण्याआधी तू माझ्या डोक्यावर हात ठेवावास असं वाटतं. आधी डोक्यावर, मग तुझ्या देवाला काय सांगायचं ते सांग.

दवाखान्यात काल फॉर्म भरून घेतला. सोबत कोण राहणार, असं विचारलं होतं. मी तुझं नाव लिहिलं आणि नात्यापुढे लिहिलं, भाऊ. दोन दिवसांची रजा टाक.

वाट पाहते,
अक्का