काखेतली कळी

अब्बा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझा राग काही निवलेला नाही. आज परत एक गिऱ्हाईक दुकानात येऊन म्हणालं, "तुमच्या वडिलांनी तालमीच्या फुटबॉल टीमला जाकिटं केलेली न्हवं, तसलंच पायजे." माझं डोकंच फिरलं. ती जाकिटं तुम्ही केलीत होय?

तेव्हा टीमचा कप्तान त्याच्या आजोबांच्या वेळच्या टीमचा फोटो घेऊन आला होता. जाकिटाच्या छातीवर दोन रंगांचे तुकडे, खांद्याला वेगळी पट्टी, बाजूला तिसराच रंग. "हुबेहूब असंच, मास्तर." तुम्ही फोटो परत सरकवलात. कोट शिवणारा माणूस, असल्या ठिगळांना हात लावणार नाही म्हणालात. मग मीच साखरेच्या रिकाम्या पोत्यावर एकेक तुकडा बेतला, कापला, जोडला. काखेत कळी, म्हणजे कापडाचा जादा तुकडा, घातली, कारण खेळणारा गडी हात वर करणारच. खांदे तेवढे तुम्ही बसवलेत. कप्तान खूष झाला, तेव्हा गळ्यातली टेप झटकत म्हणालात, "कटिंग आपलंच हाय की!" मी तिथंच बसून काजं करत होते.

तेवढ्यावर थांबला असतात तरी मी गिळलं असतं. पण टीम जाकिटं न्यायला यायच्या आदल्या दिवशी तुम्ही सगळ्या कळ्या उसवल्यात. "कळी बायकांच्या कापडाला असतीया. गड्याच्या अंगावर घालून माझं हसं करतीस व्हय?" मी म्हणतेय, अब्बा, हात वर व्हायचा न्हाई. तुम्ही म्हणताय, "तुझी अक्कल चुलीत घाल." आणि काखा सरळ शिवून टाकल्यात.

टीम फायनल जिंकली. कप्तानानं भर मैदानात ढाल डोक्यावर उचलली आणि दोन्ही काखा टर्रकन फाटल्या. जिंकलेला माणूस, पण हरलेल्या समोरच्या पेठेनं काय शिट्ट्या घातल्या! संध्याकाळी सगळी टीम दुकानात. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "पोरीनं कापल्यात. मी काय करू?" जन्मात एकदाच माझ्या कामाला माझं म्हणालात, तेही फाटल्यावर. लाज नाही वाटली? कळ्या मीच परत बसवल्या. पुढं तुम्ही प्रत्येक जाकिटाला कळी घालायला लागलात आणि ऐटीत सांगायचात, "ही आपली युक्ती हाय."

आज मात्र मी त्या गिऱ्हाइकाला तोंडावर सांगितलं, ती जाकिटं मी बेतली, मी कापली. तो गेल्यावर मी त्यानं नमुन्याला ठेवलेलं जुनं जाकीट उलटं करून बघितलं. काखेत माझी कळी शाबूत आहे. खांदा तुमचा. एक टाका हललेला नाही, कुठं सुरकुती नाही. मला अजून तसा खांदा बसवता येत नाही, अब्बा. तुम्ही समोर असता तर हे मी मेले तरी बोलले नसते. म्हणून तर हे लिहिलं, पण हा कागद जपून ठेवत नाही. त्या खांद्यावर ठेवून, पुढचे खांदे बेतायला याचाच फर्मा कापून घेते.