विहिरीपासून पाव मैल

आई,

गेल्या मंगळवारी मी तुझ्या ओक्लाहोमातल्या लीजवर सही केली. तेल आणि गॅस शोधायला कंपनीला तीन वर्षांची परवानगी. वरची जमीन आपली नाही, तिच्याखाली जे असेल ते आपलं, हे तू मला पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा मी हसले होते. मिरजेत नर्सिंग शिकून अमिरातीतल्या अल ऐनच्या हॉस्पिटलात आयुष्य काढलेल्या बाईला अमेरिकेतलं तेल कुठून मिळणार? पण युनिव्हर्सिटीत शिकवणाऱ्या त्या अमेरिकन मॅडमचं शेवटचं वर्ष तूच निभावलंस, रोज ड्यूटी संपली की त्यांच्या घरी जाऊन. त्यांनी तिकडचं घर भाचीला दिलं आणि जमिनीखालचे हक्क तुला. मृत्युपत्राची प्रत आली त्या दिवशी तू भाकऱ्या थापत होतीस. हात पिठाचे, म्हणून वाचायला मला सांगितलंस. मी म्हणाले, "जिथे उभंही राहता येत नाही, ती कसली इस्टेट?" तू तव्यासमोरून वळलीस. "त्यांनी मनापासून दिलंय. हसायचं नाही. खलास." दोन-तीन दिवसांनी आपणहून सांगितलंस, की मॅडमनी जाताना तुझ्याकडून एक शब्द घेतला होता. भाचीच्या घराला पाण्याची एकच विहीर आहे, तिच्याजवळ कुणाला ड्रिलिंग करू द्यायचं नाही.

पहिली ऑफर आली ती तुझ्या आजारपणात. कंपनीच्या एजंटला गुरुवारपर्यंत उत्तर हवं होतं. मी दुबईहून सकाळीच गाडी काढून आले, दुपारी ऑफिसला परतायचं होतं. तुझा पलंग हॉलमध्ये आणलेला, एसी चालू असूनही खिडकी थोडी उघडी, तुला तशीच लागायची. चष्मा लावूनही तुला अक्षरं दिसत नव्हती.

"विहिरीचं लिहिलंय ना गं त्यात?"

"हो."

"वाच बरं तेवढं."

मी तिसरं पान उघडलं आणि त्यात नसलेलं वाक्य वाचून दाखवलं. इंग्रजीत, न अडखळता. माझं कामच कॉन्ट्रॅक्ट तपासायचं, तशी वाक्यं मला तोंडपाठ आहेत. ती अट घालायला सांगितली असती तर बोलणी महिनाभर लांबली असती, आणि सहीनंतर मिळणाऱ्या पैशातून मला दुबई मरीनातल्या फ्लॅटचं बुकिंग करायचं होतं. तुझ्याकडे किती दिवस उरलेत ते डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. तेसुद्धा मी त्या घाईत हिशोबात धरलं. तू दोनदा मान हलवलीस, सही केलीस आणि विचारलंस, "जेवून जाशील ना?" मी थांबले नाही.

अडीच महिन्यांनी तू गेलीस.

कंपनीनं तीन वर्षांत तिथे काहीच केलं नाही, लीज आपोआप संपलं. विहीर वाचली, पण त्यात माझं काही श्रेय नव्हतं. वारसाचे कागद व्हायला वर्ष गेलं. मग यंदा दुसऱ्या कंपनीचा फोन आला. एजंट तोच, आता या कंपनीत नोकरीला. त्याची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ, त्यामुळे सहा आठवडे मी ऑफिस सुटल्यावर पार्किंगमध्ये गाडीत बसून त्याच्याशी बोलत होते. घरापासून आणि विहिरीपासून पाव मैलाच्या आत काहीही नाही, ड्रिलिंग नाही, रस्तासुद्धा नाही, एवढीच माझी अट. तो म्हणाला, "मग रेट खाली येईल, मॅम." मी म्हटलं, येऊ दे. एकदा तो वैतागलाच. "मागच्या लीजच्या वेळी तुमच्या आईनं तर असलं काही मागितलं नव्हतं. त्यांना चाललं होतं."

मी फोन म्यूट केला. तो बराच वेळ "हॅलो, हॅलो" करत राहिला. मग अनम्यूट करून म्हणाले, "तिनं मागितलं होतं." त्याला काही कळलं नाही, पण त्यानंतर त्यानं वाद घातला नाही. अट आली. सही करण्याआधी मी ते पान मोठ्यानं वाचलं, गाडीत, एकटीनं, तीन वेळा.

विहीर नेमकी कुठे आहे ते विचारायला मध्यंतरी मी त्या भाचीला ईमेल केला होता, "आईच्या वतीनं" असं लिहून. तिनं विहिरीचा फोटो पाठवला होता. परवा सगळं ठरल्याचं कळवलं, तर तिचं लांबलचक उत्तर आलं. मावशी फोनवर तुझ्याबद्दल किती बोलायच्या, तू त्यांचे केस कसे विंचरायचीस. शेवटी विचारलं होतं, "तुमची आई अजून नर्सिंग करते का? कशी आहे?"

हे सगळं मी ईमेलच्या ड्राफ्टमध्ये लिहितेय आणि वर 'टू'च्या रकान्यात काहीच घालता येत नाही. भाचीला मात्र उत्तर पाठवलं. लिहिलं, "रिटायर झाली. बरी आहे. विहिरीचा फोटो तिला दाखवला." आज तिचा पुन्हा मेल आलाय, तुझ्याशी एकदा बोलायचंय म्हणते. तिला खरं सांगावं लागेल, आणि मी सांगेन. पण ती तीन वाक्यं टाइप करताना मला फार बरं वाटलं, आई.