माहं नाक, तिचं तोंड

सोम., ४ मे
ताप उतरला, पण वास येणं बंद झालं ते बंदच. अगरबत्ती अन् दुकानातलं फवारणीचं औषध, दोन्ही सारखीच. काल साळा जेवायले होता. त्याच्यासमोर बोलून गेलो, "वांग्याच्या भाजीले आज काही चवच नाही." साळ्यानं दोनदा मागून खाल्ली. सौ.नं तेव्हापासून अबोला धरला.

मंगळ., ५
भलतीच पंचाईत. लग्नापासून माह्या अंगाले वास येते का नाही, हे सौ. सांगते. "अहो, बनियन बदला." मी सोता कधी हुंगून पाह्यलं नाही. आता मले नाक नाही, तिले तोंड नाही.

गुरु., ७
नळ नाही. अर्ध्या बादलीत उरकलं: मान, काखा, पाय. पाठीपर्यंत पाणी पुरलं नाही. राहू दे, ती आपल्याले दिसत नाही.
काखा काऊन दिल्या असतील माणसाले? त्या बी दोन-दोन, अन् हवा न लागणाऱ्या जागी.

शुक्र., ८
गिऱ्हाईक काउंटरपासून लांब उभं राहून बियाणं मागत होतं. बाजूच्या दुकानातल्या वामनले इचारलं, "खरं सांग बे, माह्या अंगाचा वास येते का?"
"मले काय माहीत? मी दिवसभर खताच्या पोत्यावर बसतो."
म्हणजे हो का नाही?

शनि., ९
उद्या साळ्याच्या पोरीचा साखरपुडा, साखरखेर्ड्याले. एसटीत सौ.च्या बाजूले बसणं आलं. तिथं सारे सासरचे.
सौ.ले म्हटलं, "भाजी चांगलीच असन. माह्या नाकानं घात केला." ती लसूण सोलत राह्यली. घरात कुकरच काय तो बोलते. तिची कटकट नसली की घर खायले उठते, हे खरं आहे.

रवि., १०
सकाळी न्हाणीत पाह्यतो तर बादली काठोकाठ, कोमट. नळ अजून आला नाही, म्हणजे तिच्या वाटचं पाणी. साबणाची नवी वडी. खुंटीवर इस्त्रीचा सदरा.
राग गेला म्हणून, का माह्याजवळ बसवत नाही म्हणून? दाराआडूनच इचारलं, "कावं, मिटलं का?"
मंग बाहेरून आवाज आला, "पाठ बी घासजा."
घासली. हात पुरला तिथपर्यंत. पण मिटलं का, ते काही कळलं नाही. आता एसटीत ती कुठं बसते, ते पाह्यतो.